परातीतला पतंग

सुरुवातीलाच माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नव्हे. आमच्या घरात माझ्याआधी मॅट्रिकच्या पुढे कुणी गेलेलं नाही, आणि मी गेलो तोही प्राणिशास्त्राकडे, तिथेही मधल्या बाकावर बसणारा. पतंगांवर लिहावं अशी माणसं वेगळी असतात. पण हा पतंग ज्या परातीत सापडला ती परात आमची होती, आणि त्याला पहिल्यांदा नाव दिलं ते मी, आणि चुकीचं दिलं. मी नाही सांगितलं तर हे दुसरं कुणी सांगणार नाही, एवढ्याच आधारावर लिहायला बसलो आहे. कुठे जास्त बोललो असं वाटलं तर सांभाळून घ्यावं.

तेव्हा आम्ही अंधेरीला कुर्ल्याच्या रस्त्यावर एका बैठ्या चाळीत राहत होतो. वडील पत्र्याच्या कारखान्यात होते. आमच्या लगतच्या खोलीत काकू, म्हणजे वडिलांच्या धाकट्या भावाची बायको, एकटी राहायची. काका बोटीवर खलाशी. कलकत्त्याला तागाची पोती भरायची आणि दक्षिण अमेरिकेच्या बंदरात नेऊन उतरवायची, अशी त्यांची बोट होती. वर्ष वर्ष घरी येत नसत. येत तेव्हा काकूसाठी काहीतरी आणत: एकदा मोठा शंख, एकदा हिरव्या पिसांचा पंखा, एकदा कुठल्याशा झाडाच्या बियांची माळ, जी काकूने धुतली तर रंग गेला. ती वस्तू काय आहे, कशाची आहे, हे काकांना स्वतःलाही ठाऊक नसायचं. "बरा दिसला, घेतलंय," एवढंच सांगायचे.

काकूला मूल नव्हतं. ती मला 'झिला' म्हणायची, म्हणजे मुला. माझ्या कॉलेजचं तिला माझ्याहून अधिक कौतुक. दूधकेंद्रावर रांगेत उभी असली तरी मागच्या बाईला सांगायची, "आमचो झिल बेडूक फाडता."

एका श्रावणात बोटीच्या कंपनीचा कागद आला. परतीच्या वाटेवर काका तापाने गेले आणि त्यांना समुद्रातच सोडण्यात आलं, असा मजकूर. तो मीच वाचून दाखवला, कारण इंग्रजी वाचणारा मीच. काकूने ऐकून घेतलं. मग विचारलं, "तेंका गेलले कोणी बघल्यान?" मी म्हणालो, कप्तानाची सही आहे. ती म्हणाली, "कागद इलो म्हणान माणूस मरता काय?" आणि उठून कपाळावरचं कुंकू नीट केलं.

त्यापुढे तिला कुणी काही बोलू शकलं नाही. दसऱ्याच्या सुमारास काकांची पेटी आली. हिरव्या रंगाची पत्र्याची पेटी. तेव्हा घाटकोपरहून आबा आले. आबा म्हणजे वडिलांचे चुलते. भावकीतलं बरंवाईट त्यांच्या शब्दावर चालायचं. ते उंबऱ्यातच बसले आणि वडिलांना म्हणाले, "असा किती दिवस ठेवचा? माणूस गेलो, तेचा काय ता करूक होया." काकू आतून म्हणाली, "खराच गेलेत ह्या माका कळूक होया."

पुष्कळ बोलाचाली झाली. शेवटी ठरलं ते असं. आमच्याकडे माणूस गेला की त्याच्या जागेवर परातीत पीठ पसरतात, शेजारी दिवा लावतात आणि वरून डालगं पालथं घालतात. डालगं म्हणजे कोंबड्या झाकायची मोठी बांबूची टोपली. सकाळी टोपली उचलायची आणि पिठावर काय उमटलंय ते बघायचं. पक्ष्याचा पाय असेल तर पक्षी, मुंगीची रांग असेल तर मुंगी. गेलेला माणूस त्या रूपात फिरून आला असं धरतात. काकू म्हणाली, "पिठात काय उमाटला तर मी आपणाहून कुंकू पुसतंय. नाय उमाटला तर परत कोणी हो विषय काढूचो नाय." आबांनी मान्य केलं.

काका या घरात गेले नव्हते, त्यामुळे जागा कुठली धरायची हा प्रश्न होता. आबांनी पेटी उघडली. वर त्यांचा जाड लोकरी कोट होता, थंड मुलखातला. तो घडी करून आबांनी जमिनीवर ठेवला, त्याला लागून परात मांडली, काकूनेच तांदळाचं पीठ चाळून दिलं. दोन्हींवर मिळून डालगं पालथं घातलं आणि बाहेर समई ठेवली.

सकाळी आम्ही सगळे काकूच्या खोलीत जमलो. आबांनी हात जोडले आणि डालगं उचललं.

आधी पीठ दिसलं. कुणी मऊ पिसाने झाडावं तसं ते कोटाच्या बाजूने आत सरकलेलं, विस्कटलेलं होतं, आणि तसाच एक पट्टा परात ओलांडून डालग्याच्या कडेपर्यंत गेला होता. मग आबांच्या हातातल्या डालग्याकडे आईचं लक्ष गेलं आणि ती किंचाळली. आतल्या बाजूला, बांबूला धरून, वीतभर रुंदीचा एक पतंग लटकत होता. रंग विटकरी, मधून एक पांढरट गुलाबी रेघ, आणि चारी पंखांत एकेक पारदर्शक खिडकी, अभ्रकाचा तुकडा बसवावा तशी. त्या खिडकीतून पलीकडचा बांबू दिसत होता. मी असं काही जिवंत पाहिलं नव्हतं.

"इलो रे बाबा," आबा म्हणाले. वडिलांनी डोळ्यांना उपरणं लावलं. काकू भिंतीला टेकून उभी होती, हात कपाळाकडे निघालेला.

आणि मी बोललो. का बोललो हे मी अनेकदा आठवून पाहिलं आहे. त्याच महिन्यात प्राणिशास्त्राच्या सरांनी वर्गात एका मोठ्या पतंगाचं चित्र दाखवलं होतं, पंखांत खिडक्या असलेल्या. ते चित्र डोळ्यांसमोर आलं आणि नाव तोंडातून बाहेर पडलं. परीक्षेत न येणारं उत्तर अचानक आठवावं तसं झालं.

"आबा, हा अ‍ॅटलास आहे. पतंग आहे. पवईच्या डोंगराकडे असतात हे. दिवा दिसला की येतात."

"गप रे," वडील म्हणाले.

"थांबा," काकू म्हणाली. "बोलू दे तेका. ह्यां पवईचां?"

"हो."

"कोणाच्याही दिव्यार येता?"

"कोणाच्याही."

काकूचा हात खाली आला. तिने एवढा मोठा श्वास घेतला की मला तो ऐकू आला. मग ती हसली. कागद आल्यापासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. "मगे चाय ठेवतंय सगळ्यांक," ती म्हणाली आणि स्टोला पंप मारायला बसली.

आबा चहा न घेता निघाले. वडिलांना म्हणाले, "पोराक शिकवलंस मा, आता भोग." मला ते जुन्या माणसाचं बोलणं वाटलं. खरं सांगायचं तर त्या दिवशी मी थोडा फुशारलोच होतो.

पतंग डालग्याखालीच ठेवला. काकू त्याच्यासाठी बाटलीच्या बुचात साखरेचं पाणी ठेवायची. त्याने तोंड लावलं नाही. तोंड लावणार कुठून, या जातीच्या पतंगांना खायचं तोंडच नसतं, हे मला पुढे कळलं. काकू म्हणायची, "पावण्या, खा रे मेल्या." काही दिवसांनी तो आपोआप मेला. मी त्याला कापसावर घालून बुटाच्या खोक्यात ठेवला. तोपर्यंत काकूने सगळ्या चाळीला सांगून टाकलं होतं, "आमच्या झिलान सांगल्यान, ता पवईचां पाखरू. ह्येंच्याशी तेचो काय संबंध नाय." पोस्टमन दिसला की ती परत दारात येऊन उभी राहू लागली. पापड लाटून ठेवू लागली, काकांना आवडायचे ते, पोह्याचे.

हे बघताना मला पहिल्यांदा कसंतरी वाटलं. पिठात काही उमटलं नाही असं मी म्हटलं नव्हतं. पण तिने तसंच धरलं, आणि धरायला आधार माझ्या शब्दाचा होता.

खोकं घेऊन मी कॉलेजात गेलो ते मात्र कौतुकासाठी. आमच्या विभागात एका खणात खरा अ‍ॅटलास टाचून ठेवलेला होता, कोकणातून आलेला. सरांनी माझं खोकं उघडलं आणि भिंग घेतलं. भोवती मुलं जमली.

"कुठे मिळाला?"

"घरी, सर."

"दिव्यावर?"

मी अडखळलो. 'हो' म्हटलं असतं तर भागलं असतं. पण सर नेहमी सांगायचे की कीटक कुठे आणि कसा मिळाला ते लिहिलेलं नसेल तर तो नुसता कचरा. म्हणून मी खरं ते सांगितलं. काका, पीठ, परात, डालगं. सांगता सांगता माझा आवाज बारीक होत गेला, कारण मुलांचे चेहरे बदलत होते.

"म्हणजे हे तुझे काका?" एकजण म्हणाला.

"नमस्कार काका," दुसरा म्हणाला आणि खोक्याला वाकून नमस्कार केला.

"सर, काकांना टाचणी कुठून मारायची?"

सगळे हसले. सरही हसले असावेत, मी वर बघितलं नाही. माझे कान तापले होते. मला पिठाची लाज वाटली, आबांची वाटली, डालग्याची वाटली. तेवढ्यात साखरेचं बूच आठवलं आणि मग लाज कुणाची वाटते आहे तेच कळेना.

"पुरे," सर म्हणाले. "वर्गात जा सगळे. तू थांब."

त्यांनी खणातला अ‍ॅटलास काढून दोघांना शेजारी ठेवलं. अ‍ॅटलासच्या पंखाचं टोक नागाच्या फण्यासारखं वळलेलं होतं. माझ्या पतंगाचं तसं नव्हतं. तो आकाराने लहान, खिडक्यांचा घाट वेगळा, रेघ वेगळी. सरांनी हिंदुस्थानातल्या पतंगांचं जाड पुस्तक काढलं आणि पुष्कळ पानं उलटली.

"अ‍ॅटलास नाही हा. त्याच्या नात्यातला आहे, रेशमाच्या पतंगांच्या कुळातला. पण आपल्याकडचा वाटत नाही." मग पुस्तक मिटून त्यांनी विचारलं, "तुमच्या त्या टोपलीच्या भोकातून करंगळी जाईल?"

"जाईल."

"आणि हा?"

मी खोक्याकडे बघितलं. वीतभर पंख.

"मग हा बाहेरून दिव्यावर आलेला नाही. आत काय होतं?"

"परात. आणि कोट."

"कुणाचा कोट?"

"काकांचा. ते बोटीवर..." इथे मी थांबलो. कॉलेजात मी आतापर्यंत 'काका शिपिंग कंपनीत आहेत' असं सांगत आलो होतो. "खलाशी होते, सर."

"बोट कुठे जायची?"

"दक्षिण अमेरिकेला."

सर खुर्चीवर बसले. मग म्हणाले, "घरी जा. तो कोट नीट बघ. झटकू नकोस."

कोट काकूने खुंटीला लावला होता. काका आल्यावर लागेल म्हणून खिशात डांबराच्या गोळ्या घातल्या होत्या. आतल्या बाजूला आणखी एक खिसा होता, त्यात एक रुमाल, सैल गाठीचा. गाठीत सुकलेल्या पानासारखी, बकऱ्याच्या कातड्याच्या रंगाची एक थैली होती. बोटाएवढी. देठापाशी बारीक काडी अडकलेली, आणि एका टोकाला भोक, भोकाशी चिकट रेशीम. पतंगाचा कोश. महिनोन्‌महिने तो असा झोपून राहू शकतो, दर्यावरून येऊ शकतो, पेटीत पडून राहू शकतो. पेटी उघडली, हवा लागली, आणि तो बाहेर पडून पंख सुकवायला वर चढला. कोटाकडून परातीत, परातीतून डालग्यावर. पिठात ती वाट स्वच्छ दिसत होती. मी ती बघितली होती आणि दिव्याकडे बोट दाखवलं होतं.

"काय शोधतंस?" काकू दारात उभी होती.

"काही नाही. कॉलेजसाठी बघत होतो."

सर म्हणाले होते, नाव लागेपर्यंत घरी काही सांगू नको, एकदा घाई झाली तेवढी पुरे. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. कोश बघून ते म्हणाले, हा दक्षिण अमेरिकेतला असणार, पण त्या कुळात जाती अनेक आहेत, इथे बसून कोणती ते सांगता येणार नाही. त्यांच्या ओळखीचे एक गृहस्थ परदेशी निघाले होते. त्यांच्याबरोबर पतंग तिकडच्या म्युझियमला पाठवायचं ठरलं. कोश मात्र सरांनी मला परत दिला. "हा घरचा आहे," म्हणाले.

पाठवण्याआधी त्यांनी टाचणीखाली लावायची छोटी चिठ्ठी लिहायला घेतली. त्यावर दोन गोष्टी लिहितात, कुठे मिळाला आणि कुणी गोळा केला.

"तुझं नाव घालतो," सर म्हणाले.

"नको सर. मी फक्त चुकीचं सांगितलं."

"मग कुणाचं?"

मी काकांचं नाव सांगितलं. सरांनी पेन हातात धरून क्षणभर विचार केला. "बरोबर आहे. ज्याने उचलून आणला त्याचाच तो," ते म्हणाले आणि बारीक अक्षरात लिहिलं.

मग वाट पाहणं. संक्रांत आली. आईने घरी हळदीकुंकू केलं. तिळगूळ वळणं, वाण म्हणून द्यायचे कंगवे लावून ठेवणं, सगळं काकूच करत होती. ती त्या दिवशी मोरपंखी लुगडं नेसली होती. मी बाहेरच्या ओट्यावर वही उघडून बसलो होतो. आतल्या बायकांचं बोलणं ऐकू येत होतं, आणि मग एकदम ते थांबलं.

काकू कुंकू लावायला पुढे झाली होती आणि कोपऱ्यावरच्या खोलीतली बाई डोकं मागे घेऊन बसली होती.

"तुमच्या हातचं नको हो काकी. राग मानू नका. आज सणाचा दिवस."

"का गो? माझ्या हाताक काय झाला?"

"आता काय सांगायचं तुम्हाला. कंपनीचा कागद आला म्हणतात ना. लोक बोलतात."

"लोक बोलतले. आमचो झिल बी.एस्सी. करता, तो सांगतलो." काकूने हाक मारली, "झिला, हय ये!"

मी दारात जाऊन उभा राहिलो. खोलीभर बायका माझ्याकडे बघत होत्या. आईने मान खाली घातली होती. काकूच्या बोटावर कुंकू तसंच होतं.

"सांग हेंका. ता पाखरू खंयचां?"

माझ्या खिशात तो कोश होता, त्याच रुमालात. घरात कुठेही ठेवायची भीती वाटायची म्हणून मी तो बरोबरच बाळगायचो. मला वाटलं, जमीन दुभंगली तर बरं.

"विचारलंय, काकू. अजून कळलं नाही."

"कळूक नाय? तूच सांगललंस मा, पवईचां म्हणान?"

माझा हात खिशावर गेला. काकूने माझ्याकडे बघितलं. ते बघणं रागाचं नव्हतं. लहानपणी मला ताप आला की कपाळाला हात लावून ती बघायची तसं होतं. मग तिने बोटावरचं कुंकू करंड्याच्या कडेला पुसलं आणि आईला म्हणाली, "वयनी, तुमी लावा सगळ्यांक. मी कंगवे देतंय."

बायका गेल्यावर मी तिच्या खोलीत गेलो. ती पाटावर बसली होती, लुगडं न बदलता. नाव लागेपर्यंत थांबायला सरांनी सांगितलं होतं, पण मला थांबवेना. मी रुमाल तिच्यापुढे सोडला.

"काकू, मी चुकलो. तो पवईचा नव्हता. दिव्यावर आलाच नव्हता तो. काकांच्या कोटात हे होतं, आतल्या खिशात. यातून बाहेर पडला. तिकडचाच आहे, ते जात तिथला."

तिने तो कोश तळहातावर घेतला. उलटा करून बघितला. मग रुमाल नाकाशी नेला. त्याला काकांच्या तंबाखूचा वास होता, मलाही तो पाटाच्या या बाजूला येत होता.

"ह्यां माझ्यासाठी घेतल्यानी."

"असेल."

"असात काय? माझ्यासाठीच. तेंका ठावक नसतला काय ता, पण घेतल्यानी." मग कोश परत रुमालात ठेवत म्हणाली, "पाखरू इलां. तेंनी इले नाय."

मी घाईघाईने म्हणालो, "काकू, पण यावरून काही सिद्ध होत नाही. कोट पेटीत होता एवढंच. काकांचं काही..."

"गप ऱ्हव आता झिला. तुज्या शिद्द करण्यान काय होतला?"

दुसऱ्या दिवशी तिने स्वतः वडिलांना आबांकडे पाठवलं. राहिलेले विधी वेसाव्याच्या किनाऱ्यावर केले. ती परत आली तेव्हा मी ओट्यावरून उठून आत गेलो, तिचं कपाळ बघायला नको म्हणून. आबा मात्र माझ्या मागे आत आले, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "बरा केलंस, पोरा." माझ्यावर कुणी रागावलं असतं तर मला उत्तर देता आलं असतं. दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत काकू दारात उभी राहत होती ती माझ्या एका वाक्यामुळे. आणि ते वाक्य मी चित्र बघून पाठ केलं होतं.

कोश तिने देवाच्या फळीवर ठेवला, शंखाशेजारी. पोह्याचे पापड आम्ही खाल्ले. त्यांची चव चांगली होती आणि ते खाताना कुणी वर बघत नव्हतं.

पुढे माझी वार्षिक परीक्षा झाली. पतंगांवर प्रश्न आला होता, मी तो सोडून दुसरा लिहिला. सुटी संपून कॉलेज सुरू झालं, तरी तिकडून काही कळलं नव्हतं. मी विचारायचं सोडून दिलं होतं. मग एका दुपारी सर जिन्यात भेटले आणि पायरीवरच थांबवून म्हणाले, "उत्तर आलं." त्यांनी नाव सांगितलं. लॅटिन नाव, लांबलचक. ते मला लिहिता येतं, अजून धड उच्चारता येत नाही. रेशमाच्या पतंगाची ही जात तिकडेही फार थोड्या ठिकाणी मिळते, म्हणाले. बंदरावर नाही, आत रानाच्या कडेला. म्युझियमवाल्यांना आश्चर्य वाटलं होतं की हा मुंबईहून कसा आला. सरांनी चिठ्ठीबरोबर सगळी हकीकत कळवली होती, पिठासकट.

म्हणजे बोट बंदरात लागलेली असताना काका कधीतरी उतरून आत चालत गेले होते, किंवा तिथून आलेल्या कुणाकडून त्यांनी ते घेतलं होतं. कोणतं ते आता कळणार नाही. घरी येईपर्यंत मी ठरवत होतो की काकूला किती सांगावं. मागच्या वेळेला मी न विचारता सगळं सांगितलं होतं.

ती ओट्यावर तांदूळ निवडत होती. माझ्या चेहऱ्यावरून तिने ओळखलं.

"इला उत्तर? काय म्हणालो मास्तर?"

मी तिच्यासमोर पायरीवर बसलो आणि या खेपेला जे कळलं होतं तेवढंच सांगितलं: पतंगाला नाव लागलं आहे, तो काका जात त्या मुलखातला, तिथेही क्वचित सापडणारा आहे, त्याला म्युझियमच्या खणात कायमची जागा मिळाली आहे, आणि त्याच्या टाचणीखाली जी चिठ्ठी आहे तिच्यावर, आणणाऱ्याचं नाव म्हणून, काकांचं नाव लिहिलेलं आहे.